पडदाही वाजवायचा असतो

लाइव्ह व्हिज्युअल्स, म्हणजे मैफलीत वादकासोबत पडद्यावर त्याच क्षणी चित्रं घडवणं. त्याकडे वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर, टचडिझायनर शिकू की मॅक्स? मी म्हणतो, काहीही शिका. टचडिझायनरची बिनव्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, फक्त चित्र १२८०×१२८० पिक्सेलच्या पुढे जात नाही. प्युअर डेटा फुकट, आणि हायड्रा तर ब्राउझरमध्येच चालतं. सॉफ्टवेअर येतं हो हळूहळू. ऐकणं यायला मात्र वेळ लागतो.

नवखा माणूस माइकचा आवाज थेट आकाराला जोडतो. ड्रमचा ठोका पडला की गोळा फुगतो. प्रेक्षकाला ही गंमत दोन मिनिटांत कळते आणि तो मोबाइल काढतो. वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवत असताना पडद्याने नुसती मान डोलवायची, तर तुम्ही तिथे कशाला हवेत? ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस यांनी १९८०च्या दशकात ‘व्हॉयेजर’ ही संगणकप्रणाली लिहिली. ती वादकाचं ऐकून प्रतिसाद देते आणि कुणी वाजवत नसलं तरी स्वतःहून वाजवते. मला पडद्याकडून तेच हवं असतं.

म्हणून चित्राला जोडलेली आवाजाची पातळी मी झटकन चढू देतो, पण उतरायला दोन-तीन सेकंद लावतो. बासचा एक स्वर पडला की त्याचा डाग पडद्यावर रेंगाळतो, आणि पुढचा स्वर त्या डागावर येऊन पडतो. स्वर किती तीक्ष्ण आहे, त्यावरून पोत बदलतो. आणि एक फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारं बटण, कायम बोटाखाली: तो खाली ओढला की आवाज आणि चित्र यांचं नातं तुटतं. संपूर्ण सेटमध्ये सगळ्यात जास्त मी तोच वापरतो. वादक थांबला तर आपणही थांबायचं की एकट्याने पुढे जायचं, हे त्याच्या खांद्यांकडे पाहून ठरतं. त्यामुळे तो दिसेल अशीच जागा मागून घ्या.

लॅगची, म्हणजे आवाजामागून चित्र उशिरा येण्याची, भीती मात्र नको तेवढी बाळगली जाते. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत घेतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम ५ मिलिसेकंद. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. खरा उशीर बऱ्याचदा प्रोजेक्टर करतो. त्याचा गेम मोड चालू करा, चित्र सुधारणाऱ्या सोयी बंद करा. तसंही दहा मीटरवर बसलेल्याला आवाज पोचायला २९ मिलिसेकंद लागतातच.

स्पीकरमधून गुणगुण आली तर आधी ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नको त्या प्रवाहाचा, संशय घ्या आणि लॅपटॉप व साउंड मिक्सर विजेच्या एकाच बोर्डावर लावून बघा. प्रकाशयोजनाकाराशी आदल्या दिवशीच बोला. त्याचा एक पांढरा दिवा तुमचा अख्खा काळा रंग धुऊन टाकतो.

कामं मिळतात ती बहुतेक वादकांकडूनच. त्यांना दाखवायला स्क्रीन रेकॉर्डिंग कामाचं नाही. सभागृहाच्या मागून, वादक आणि पडदा दोघंही दिसतील असं तीन मिनिटांचं, न कापलेलं चित्रण ठेवा.