अंधाऱ्या पॅसेजसाठी आतल्या भिंतीतली काच

पुण्या-मुंबईच्या अनेक फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या पॅसेजला स्वतःची खिडकी नसते, त्यामुळे आजूबाजूची दारे लावली की भर दुपारीही दिवा लावावा लागतो. जुन्या घरांत दारावर काचेची झडप असे. तोच उपाय आज अधिक सुरक्षित काच वापरून करता येतो.

काचेतून पॅसेजला मिळतो तो शेजारच्या खोलीतला उसना उजेड, म्हणून कोणती भिंत निवडायची हे आधी ठरवावे. सुटीच्या दिवशी सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला, दिवा बंद करून व एका वेळी एकच दार उघडे ठेवून, पॅसेजमध्ये वर्तमानपत्र वाचून पाहावे. ज्या खोलीच्या उजेडात बारीक अक्षर लागते, तिची भिंत घ्यावी. स्वयंपाकघर उजेडाचे असले तरी फोडणीच्या तेलाचा थर काचेवर बसतो, हे लक्षात ठेवावे.

भिंतीत कॉलम, बीम किंवा काँक्रीट असेल तर तो विचार सोडून द्यावा. अनेक नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात आणि त्यांना हात लावता येत नाही. मात्र चार इंची विटांची किंवा हलक्या ब्लॉकची पार्टिशन भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आणि सोसायटीची परवानगी घेतल्यानंतर कापता येते. सार्वजनिक जिन्याकडच्या भिंतीत काच बसवू नये, कारण आग लागल्यास धूर अडवण्याचे काम तीच भिंत करते.

माझ्या मते सर्वांत सोयीची जागा म्हणजे दाराच्या वरचा, लिंटेल (दारावरचा भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) आणि बीम यांच्यामधला पट्टा. दार साधारण सात फुटांचे असल्याने तिथून कोणी आत डोकावू शकत नाही, उंचावरून आलेला उजेड पॅसेजमध्ये खोलवर पोहोचतो आणि लिंटेल जागचे हलवावे लागत नाही. पोटमाळा मध्ये आला किंवा पट्टा अपुरा पडला, तर भिंतीत साडेपाच फुटांच्या वर आडवी खिडकी घ्यावी. तिच्यासाठी नवे लिंटेल लागते आणि ते दोन्ही बाजूंना किमान 150 मिमी टेकलेले असावे. कापण्यापूर्वी विजेच्या पाइपांचा मार्ग शोधावा, कारण स्विचबोर्डकडे जाणाऱ्या वायरी बहुधा दाराजवळूनच उतरतात. गवंड्याला हातोडा चालवू न देता दोन्ही बाजूंनी कटरने रेघ मारायला सांगावे, म्हणजे शेजारचे प्लास्टर तडकत नाही.

डोक्यावरच्या उंचीवर 6 मिमी टफन्ड किंवा लॅमिनेटेड काचच वापरावी. टफन्ड काच फुटली तर तिचे बोथट कण होतात, तर लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात. झोपणाऱ्याच्या उशावर काच येत असेल, तर मी लॅमिनेटेडच घेईन. साध्या पारदर्शक काचेतून सुमारे 88 टक्के उजेड पलीकडे जातो. फ्रॉस्टेड काचेतून तो थोडा कमी येतो, पण पसरून येतो. आवाज मात्र विटांच्या भिंतीपेक्षा जास्त ऐकू येईल, ही किंमत मोजावी लागते.

टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून चौकट पक्की बसल्यानंतरच माप द्यावे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा धरावा, उंचीही तशीच तीनदा घ्यावी, आणि प्रत्येक मापातून 6 मिमी वजा करावेत, म्हणजे सर्व बाजूंनी 3 मिमी फट राहते. काच लाकडावर थेट न टेकवता खाली रबराचे दोन लहान ठोकळे ठेवावेत आणि फट सिलिकॉनने भरावी. काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या बीडिंगच्या पट्ट्या पॅसेजच्या बाजूने लावाव्यात आणि त्यांना खिळ्यांऐवजी स्क्रू मारावेत. पुढे काच बदलायची वेळ आली तर शिडी बेडरूममध्ये न्यावी लागत नाही.