साबण-शाम्पूचा खर्च कसा आवरावा

महिन्याच्या वाणसामानात साबण, शाम्पू आणि टूथपेस्ट यांचा खर्च नकळत वाढतो, म्हणून वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतल्या सवलतीपेक्षा छापील किमतीजवळ बारीक अक्षरांत दिलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर आधी वाचावा. मोठी बाटली स्वस्तच असते असे नाही. शाम्पूच्या पुड्यांची माळ अनेकदा त्याच शाम्पूच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते, मात्र प्लास्टिकचा कचरा वाढतो.

साबण घेताना टीएफएमचा, म्हणजे साबणातील एकूण स्निग्धांशाचा, आकडा पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या अंगाच्या साबणात तो किमान 76 टक्के असावा लागतो, तर ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला 40 टक्केही पुरतात. आमच्याकडे पूर्वी बादलीशेजारच्या ओल्या कट्ट्यावर वडीचा तळ रोज लगदा होऊन वाहून जाई. आता सुरीने तिचे दोन तुकडे करून एकच बाहेर, जाळीच्या साबणदाणीत ठेवतो.

22 सप्टेंबर 2025 पासून साबणाची वडी, शाम्पू, केशतेल आणि टूथपेस्ट यांवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे पावतीवर कराचा दर तपासावा.

शिकेकाई, रिठे ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून वजनावर आणता येतात. तेवढ्यासाठी घोडबंदरहून रिक्षा करणे मात्र परवडत नाही, धान्य भरायला जाल तेव्हाच घ्यावेत.