बंदर हुकलं, आता काय? लांबच्या क्रूझवर या चुका टाळा

दोन-तीन महिन्यांच्या क्रूझवर एखाददुसरं बंदर हुकणार, हे तिकीट काढतानाच हिशेबात धरावं. प्रवासाच्या करारात जवळपास प्रत्येक कंपनी तसं लिहूनच ठेवते: मार्ग बदलण्याचा, बंदर वगळण्याचा अधिकार जहाजाकडे आहे. त्या पानाकडे कुणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे पैसे बुडतात ते बहुतेकदा बंदर रद्द झाल्याच्या घोषणेनंतरच्या पहिल्या दोन तासांत चुकीच्या रांगेत उभं राहिल्यामुळे.

ऊन पडलंय म्हणून वाद घालणं

वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि तरी बंदर रद्द. लोक सर्वात जास्त चिडतात ते इथेच. टेंडर बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि प्रवासी छोट्या बोटींनी (याच टेंडर) किनाऱ्यावर जातात. दूरच्या वादळातून निघालेली लांब, संथ लाट (खलाशी तिला स्वेल म्हणतात) दहाव्या डेकवरून जाणवतसुद्धा नाही. खाली चढउताराच्या फळीपाशी मात्र बोट मीटरभर वर-खाली होत असते. तिथे काठी टेकत चालणाऱ्या प्रवाशाला पाय टाकायला सांगणं कुठलाही शहाणा कॅप्टन पत्करत नाही. ईस्टर बेटावरचं हांगा रोआ आणि फॉकलंड बेटांवरचं स्टॅन्ली ही बंदरं याबाबतीत बेभरवशाची. त्यांपैकी एका बंदरासाठीच एवढी मोठी क्रूझ घेत असाल, तर बुकिंगआधी पुन्हा विचार करा.

धक्का असलेल्या बंदरातही अडचण येतेच. उंच जहाजाची बाजू शिडासारखी वारा धरते. अरुंद बंदरात २५-३० नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आडवा वारा जहाजाला बाजूला ढकलणाऱ्या थ्रस्टरना आणि टगना, म्हणजे ओढबोटींना, भारी पडू शकतो. सकाळी आत शिरता येईल, पण दुपारचा वारा जहाजाला धक्क्याशी दाबून धरेल आणि निघता येणार नाही, असा अंदाज असला तरी बंदर वगळलं जातं. कधी पायलटलाच, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकारालाच, दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढता येत नाही. पायलटशिवाय आत जाण्याचा प्रश्नच नसतो.

‘चार तास थांबा, वारा पडेल’ ही सूचना हमखास येते. आकडे मांडून बघा. पुढचं बंदर ४०० सागरी मैलांवर आहे आणि हातात २० तास आहेत, तर वेग हवा २० नॉट. चार तास थांबलं की १६ तास उरतात आणि वेग लागतो २५ नॉट. बहुतेक क्रूझ जहाजं १८ ते २२ नॉटच्या आसपास चालतात, म्हणजे ते जमणारच नाही. त्यात सुएझ किंवा पनामा कालव्याची ठरलेली वेळ पुढे असेल तर उशिराला वावच नसतो.

आणि हा निर्णय रिसेप्शनवर होत नाही. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार सुरक्षिततेच्या बाबतीत कॅप्टनच्या निर्णयात खुद्द जहाजमालकालाही आडकाठी करता येत नाही. काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवून काय मिळणार?

स्वतः ठरवलेली सहल रद्द करायला विसरणं

जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप खात्यावर परत येतात, त्यासाठी रांग लावू नका. बाहेरून घेतलेल्या सहलीचं तसं नाही. गाइड धक्क्यावर येऊन थांबतो आणि नियमावर बोट ठेवून पैसे कापतो. क्रूझ प्रवाशांसाठीच सहली चालवणारे बरेच जण ‘जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा’ असं देतात. सर्वसाधारण पर्यटन संकेतस्थळांवर मात्र २४ किंवा ४८ तास आधी कळवण्याची अट असते आणि घोषणा होईपर्यंत ती मुदत टळलेली असते.

म्हणून बुक करतानाच जहाजाचं नाव आणि तारीख लिहून ही अट ईमेलवर मान्य करून घ्या. प्रत्येक बंदराचं व्हाउचर, गाइडचा नंबर आणि ईमेल फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असं साठवा. रद्द करण्याचा दोन ओळींचा मजकूर आधीच तयार ठेवा. घोषणा झाली की शेकडो लोक एकदम ऑनलाइन येतात आणि जहाजाचं वायफाय रेंगाळतं. अशा वेळी घाईने फोन लावू नका, जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कचे दर रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाहीत. फोन विमान मोडवर, वायफाय चालू आणि आधी ईमेल.

मोठ्या परताव्याची वाट बघणं

न झालेल्या बंदराचे कर आणि शुल्क परत मिळतात, तेही बहुधा ऑनबोर्ड क्रेडिट म्हणून, म्हणजे जहाजावरच्या खात्यात जमा होऊन. भाड्याचा दिवसागणिक हिस्सा मिळेल ही अपेक्षा सोडा. पर्यायी बंदर दिलं तर तिथलं शुल्क वळतं होऊन हाती किरकोळच रक्कम उरते. दोन दिवसांत खातं तपासा. क्रेडिट दिसलं नाही तर तेव्हा रिसेप्शनला जा, रांगही ओसरलेली असते. ते क्रेडिट शेवटी रोख मिळतं की जहाजावरच खर्चावं लागतं, हेही त्याच वेळी विचारा. व्हिसाचं शुल्क परत येत नाही.

रागाने टिप बंद करणारेही असतात. त्याची झळ केबिन साफ करणाऱ्याला लागते, कंपनीला नाही.

विम्याची अटच न वाचणं

‘मिस्ड डिपार्चर’ म्हणजे तुम्ही जहाजाला चुकलात. ‘मिस्ड पोर्ट’ किंवा प्रवासक्रमातला बदल म्हणजे जहाज बंदराला चुकलं. ही दोन वेगळी कव्हरं आहेत आणि साध्या प्रवास विम्यात दुसरं सहसा नसतंच. असलं तर दर बंदरामागे ठरावीक रक्कम मिळते. काही पॉलिसींत एक खोच असते: जहाज पोचलं, पण टेंडर चालले नाहीत म्हणून उतरता आलं नाही, तर दावा नामंजूर. तुमच्या मार्गावर टेंडर बंदरं किती आहेत ते मोजून मगच पॉलिसी घ्या.

दाव्यासाठी बंदराचं नाव, तारीख आणि कारण लिहिलेलं जहाजाचं पत्र लागतं. ते जहाजावर असतानाच मागून घ्या, घरी गेल्यावर महिनोन्‌महिने ईमेल करत बसावं लागतं. केबिनमध्ये आलेली सूचना आणि त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिकाही जपून ठेवा.

बदली बंदरात महागडी सहल घेणं

ऐनवेळी ठरलेल्या बंदरात पुरेशा बस आणि गाइड मिळत नाहीत. सहली थोड्या, गर्दीच्या आणि बऱ्याचदा ओढूनताणून केलेल्या असतात. त्यापेक्षा धक्का गावापासून किती लांब आहे, शटल आहे का आणि आज तिथे सुट्टी तर नाही ना, एवढं विचारा आणि पायी फिरा. बंदराऐवजी समुद्रातच दिवस काढायचा असेल, तर वेगळं शुल्क असलेली रेस्टॉरंटं आणि स्पा यांच्या वेळा अर्ध्या तासात भरतात. हवी असेल ती वेळ अ‍ॅपवरून आधी धरा, चर्चा नंतर.

पुढच्या बंदरावर विसंबून राहणं

रोजची औषधं ‘तिथे उतरून घेऊ’ म्हणणं लांबच्या क्रूझवर धोक्याचं आहे. जहाजाच्या दवाखान्यात तुमचीच गोळी असेल याची खात्री नाही. एकूण दिवसांपेक्षा दोन आठवड्यांची जास्त औषधं आणि प्रिस्क्रिप्शन सोबत हवं.

हुकलेल्या बंदरातून कुणी जहाजावर येणार असेल, तर त्याने तिथूनच कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर बोलावं. पुढच्या बंदराचा देश वेगळा असेल तर आधी व्हिसा, मग विमान. विमानाचं तिकीट क्रूझ कंपनीमार्फत घेतलं असेल तर ते बदलून देण्याचं काम तीच करते, स्वतः घेतलं असेल तर खर्च बहुधा आपलाच. तुम्ही स्वतः तिथे उतरून घरी जाणार होतात तर लगेच रिसेप्शनला कळवा. मधल्याच बंदरात कायमचं उतरायला त्या देशाच्या इमिग्रेशनची परवानगी लागते आणि पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात असेल तर तोही वेळेत मागावा लागतो.

मार्ग बदलला की घड्याळ मागे-पुढे करण्याच्या तारखाही बदलतात. किनाऱ्याजवळ फोन आपोआप तिथली वेळ धरतो आणि जहाज मात्र स्वतःच्याच वेळेवर चालतं. मनगटी घड्याळ रोज रात्री कार्यक्रमपत्रिकेवरच्या वेळेला लावा.