अपग्रेडनंतर लिनक्स सुरू होत नाही? आधी रीसेटवरचं बोट काढा

"अपग्रेड केलं आणि मशीन उठतच नाहीये," असा फोन आला की मी एकच विचारतो: स्क्रीनवर काय लिहिलंय? उत्तर ठरलेलं. "काहीतरी एरर होता, मी रीस्टार्ट मारला." तोही एकदा नाही, चार-पाचदा.

अहो, तो एरर वाचायला दिलेला असतो. काही मशीनवर सिस्टमडीचा (मशीन सुरू करून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) जर्नल, म्हणजे त्याची नोंदवही, फक्त मेमरीत राहतो. 'व्हार'मधल्या 'लॉग' फोल्डरात 'जर्नल' नावाचं फोल्डर असेल तरच तो डिस्कवर उतरतो, नाहीतर मशीन बंद झालं की पुसला. म्हणजे अशा मशीनवर दर रीसेटला पुरावा स्वतःच्या हातानं घालवायचा आणि मग मला विचारायचं, लॉग कुठे गेले!

माझी पद्धत साधी आहे. अपग्रेडच्या आदल्या दिवशी ते फोल्डर बनवतो आणि मशीन एकदा रीस्टार्ट करून बघतो. जुनं दुखणं असेल तर तेव्हाच कळतं, अपग्रेडवर बिल फाटत नाही. डिस्क भरेल ही भीती नको. जर्नल मूळ सेटिंगमध्ये डिस्कच्या दहा टक्क्यांवर किंवा ४ जीबीवर थांबतो. नंतर गडबड झालीच तर 'जर्नलसीटीएल' या जर्नल वाचायच्या कमांडला 'वजा बी वजा एक' (-b -1) दिलं की मागच्या बूटचा लॉग समोर येतो. मशीन तिथवर पोचतच नसेल तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मेनूत 'ई' दाबा, 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द खोडा, एफ-१० दाबा आणि जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पूर्ण स्क्रीनचा. शेवटच्या ओळीचा नको. खरं कारण बहुतेकदा चार ओळी वर असतं.

दुसरी चूक माझी 'लाडकी': ग्रब भलत्याच डिस्कवर लिहिला जाणं. पुण्यात नारायण पेठेत एक छपाईवाले काका आहेत. त्यांच्या मशीनची जुनी हार्ड डिस्क मंदावली म्हणून कोणीतरी तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एसएसडी आणून तिच्यावर क्लोन मारला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली. जुनी डिस्क फॉर्मॅट करून बॅकअपला त्याच डब्यात ठेवली. पुढे कितीतरी महिने अपडेट बंद. मग एका उत्साही भाच्यानं उबुंटू १८.०४ वरून थेट २०.०४ केलं. सगळं 'यशस्वी'. रीस्टार्टनंतर काळा पडदा: 'सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड', खाली 'ग्रब रेस्क्यू'. भाचा व्हिडिओ बघून पेन ड्राइव्ह तयार करून बसलेला. "काका, सगळं उडवून नवीन टाकू का?" काकांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली त्याच डिस्कवर, आणि तोंडावर लग्नसराई.

झालं होतं एवढंच. ग्रब कोणत्या डिस्कवर लिहायचा हे पॅकेज डिस्कच्या ओळखीवरून लक्षात ठेवतं. त्यानं इमानेइतबारे जुन्या डिस्कवर नवा ग्रब लिहिला. मशीन मात्र एसएसडीवरून उठत होतं. तिथे ग्रबचा गाभा जुना, मॉड्यूल नवीन, दोघांचं जमेना. लाइव्ह पेन ड्राइव्हनं उठवलं, एसएसडी माउंट करून (जोडून) सीएचरूट केलं, म्हणजे तिच्यावरच्या सिस्टममध्ये शिरलो, आणि ग्रब-इन्स्टॉल दिलं. डिस्कवर द्यायचं, पार्टिशनवर नाही. म्हणजे 'एसडीए', 'एसडीए-१' नव्हे. मग 'ग्रब-पीसी' हे ग्रबचं पॅकेज रीकॉन्फिगर करून योग्य डिस्कवर खूण केली. हे शेवटचं लोक विसरतात आणि पुढच्या अपडेटला पुन्हा फोन करतात. चहा गार व्हायच्या आत काम झालं. पुसून नवीन टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्याला वाचायचा कंटाळा, त्याला ते सोपं वाटतं.

'बूट' पार्टिशन भरलेलं असणं ही तिसरी. इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारी छोटी फाइल-सिस्टम) अर्धवट राहतो आणि नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोलमडतो. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलनं उठा, नको असलेली जुनी पॅकेजं काढणारं 'ऑटोरिमूव्ह' चालवा, मग अपग्रेड पूर्ण करा. फाइली हातानं उडवू नका.

दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड आला, तर एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) बहुधा काढून ठेवलेल्या डिस्कची ओळ असते. ती काढा, किंवा डिस्क कधीमधी लावत असाल तर त्या ओळीत 'नोफेल' लिहा, म्हणजे ती नसली तरी मशीन अडणार नाही.

डेबियन १२ (२०२३) नव्यानं टाकल्यावर 'सिसलॉग' फाइल दिसत नाही म्हणून "व्हायरस आला" म्हणणारेही भेटलेत. ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग तिथे आपोआप येत नाही, इतकंच. लॉग जर्नलमध्ये आहेत. याच कारणानं 'फेल-टू-बॅन' (लॉग वाचून घुसखोरांना अडवणारा प्रोग्राम) सुरू होत नसेल तर त्याचा बॅकएंड, म्हणजे लॉग कुठून वाचायचे ते, 'सिस्टमडी' करा.

एसएसएचवरून, म्हणजे दुरून जोडून, अपग्रेड करताय? जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं टीमक्स लावल्याशिवाय एंटर दाबू नका.

आणि गुरुवार सोडून करा. पुण्यात महावितरणच्या दुरुस्तीचा तोच वार. यूपीएस आहे म्हणाल, तर त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली ते आधी आठवा.