ग्लायोमाचा मॉलिक्युलर रिपोर्ट कसा वाचायचा

मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ग्रेडवर जाते. ग्लायोमा (मेंदूतल्या आधार-पेशींची गाठ) असेल तर आधी खालचा जनुकांचा तक्ता बघा. गाठ कशाच्या जोरावर वाढते आहे ते तिथे कळतं, आणि बऱ्याचदा बिघाड जनुकापेक्षा त्याच्या चालू-बंदच्या खटक्यात असतो.

सुरुवात आयडीएच या जनुकापासून. ‘आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह’ एवढंच लिहिलं असेल तर घाई करू नका. इम्युनोची (अँटीबॉडीने प्रथिन रंगवून पाहण्याची) ही तपासणी एकच बदल पकडते. आयडीएच म्युटेशनपैकी सुमारे ९० टक्के तोच असतो, पण बाकीचे तिला दिसत नाहीत. रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल तर सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं वाचणारी तपासणी) झाल्याशिवाय ‘वाइल्डटाइप’ (न बदललेला) मानू नका.

या एका बदलाला इतकं महत्त्व का? बिघडलेलं एन्झाइम २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवतं. त्याने डीएनएवरचे मिथाइल गट काढणारी टेट एन्झाइम्स अडतात आणि मिथाइल साचत जातं. सीटीसीएफ नावाचं प्रथिन डीएनएवर बसून शेजारच्या जनुकांमध्ये भिंतीचं काम करतं. त्याच्या जागेवर मिथाइल आलं की त्याला बसता येत नाही, भिंत पडते, आणि पलीकडचा एन्हान्सर (जनुकाचा जोर वाढवणारा डीएनएचा तुकडा) वाढीचा हुकूम घेणाऱ्या पीडीजीएफआरए जनुकाला चालू करून टाकतो. त्या जनुकातलं एक अक्षरही बदललेलं नसतं!

आयडीएच म्युटंट निघाला तर पुढे १पी/१९क्यू (क्रोमोसोम १ आणि १९ ची एकेक भुजा) बघा. दोन्ही भुजा पूर्ण गेल्या असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. त्या शाबूत आणि एटीआरएक्स या प्रथिनाचा रंग गेलेला, तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा. मात्र त्याच स्लाइडवर रक्तवाहिन्यांच्या पेशींची केंद्रकं रंगलेली हवीत. तीही कोरी असतील तर स्टेनिंग फसलंय, एटीआरएक्स गेलेलं नाही. अ‍ॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती गायब असतील तर नेक्रोसिस (पेशी मेलेला भाग) नसला तरी ग्रेड ४.

आयडीएच वाइल्डटाइप असेल तर टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (चालू-बंदच्या खटक्यातला) बदल, ईजीएफआर जनुकाचं अ‍ॅम्प्लिफिकेशन (प्रती वाढणं), आणि क्रोमोसोम ७ वाढलेला व १० घटलेला, या तिन्हींवर बोट ठेवा. प्रौढ रुग्णाच्या डिफ्यूज (आजूबाजूला पसरणाऱ्या) अ‍ॅस्ट्रोसायटिक गाठीत एच३ हे हिस्टोन प्रथिनाचं जनुकही वाइल्डटाइप असेल, तर यातलं एकही पुरतं: सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सौम्य दिसली तरी २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार ती ग्लायोब्लास्टोमा. टर्टमध्ये प्रमोटरवर सी२२८टी किंवा सी२५०टी असा एकाच अक्षराचा फरक होतो. त्याने जीएबीपी या प्रथिनाला बसायला नवी जागा मिळते, टेलोमरेज (क्रोमोसोमची टोकं राखणारं एन्झाइम) चालू होतं आणि पेशी विभागतच राहते. इथे एक खोच आहे. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमुळेही डीएनएत सीचा टी झालेला दिसतो. नमुन्याचा मेणाचा ब्लॉक जुना आणि टीचं प्रमाण अगदी कमी असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या.

गाठ थॅलॅमस, ब्रेनस्टेम किंवा मज्जारज्जूत असेल तर एच३ के२७एम या बदलाची ओळ आहे का ते पाहा. नसेल तर मागून घ्या.

सगळ्यात शेवटी एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारं जनुक. त्याने निदान बदलत नाही. टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध किती लागू पडेल याचा अंदाज येतो. हे औषध डीएनएतल्या ग्वानिनवर मिथाइल चिकटवतं आणि एमजीएमटी प्रथिन ते उचलून काढतं. एक रेणू एकदाच वापरता येतो, मग तो संपला. प्रमोटर मिथायलेटेड असेल तर हे प्रथिन फारसं बनत नाही, म्हणून इथे ‘मिथायलेटेड’ ही चांगली बातमी. प्रथिनाच्या इम्युनोवर विसंबू नका, प्रमोटरचीच तपासणी हवी. पद्धत आणि कट-ऑफ (किती टक्क्यांपासून मिथायलेटेड धरायचं ती मर्यादा) लॅबनुसार बदलतात, तेव्हा टक्केवारी आकड्यात आणि कट-ऑफसकट मागा.

‘अनमिथायलेटेड’ आलं तर नमुन्यात ट्यूमर पेशी किती टक्के होत्या ते विचारा. तुकडा गाठीच्या कडेचा असेल तर निरोगी मेंदूचा डीएनए मिसळतो आणि मिथायलेशन आहे त्याहून कमी दिसतं. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टकडून पेशी दाट असलेला भाग स्लाइडवर खूण करून घ्या आणि तेवढाच खरवडून डीएनए काढायला सांगा.