मुंबई ते गोवा रनमधला रेस्ट डे : नवीन येणाऱ्यांसाठी

आमच्या ग्रुपमधे यंदा बरीच नवीन मंडळी मुंबई ते गोवा पळायचं म्हणतायत, सागरी मार्गाने, आणि सगळ्यांचे प्रश्न शूज कुठले, घड्याळ कुठलं, रोज किती किलोमीटर काढायचे असेच. रेस्ट डेबद्दल, म्हणजे मधे एक दिवस न पळता एका गावात थांबायचं त्याबद्दल, कोणी विचारतच नाही. मला विचाराल तर अख्ख्या रनचा निकाल त्या दिवशी लागतो, कारण मुंबई मॅरेथॉन पळून आपण सीएसएमटीवरून लोकल पकडतो, घरी जाऊन आडवे होतो आणि पुढचे चार दिवस रेलिंग धरून जिना उतरलो तरी चालून जातं, इथे तेच पाय परवा पहाटे परत रस्त्यावर उतरवायचे असतात.

आधी गाव कुठलं ते ठरवा. गेटवेवरून लाँचने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी आणि तिथून श्रीवर्धन, असं रोज तीसेक किलोमीटरच्या हिशोबाने आलात तर चौथ्या-पाचव्या दिवशी श्रीवर्धनला पोचता. मी सगळ्यांना तिथेच थांबायला सांगते. तालुक्याचं गाव आहे, मेडिकल आहेत, सरकारी दवाखाना आहे, आणि एसटीचा डेपो आहे म्हणजे पाय अगदीच बोलला तर मुंबईला परत यायची सोय आहे. शिवाय पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीला खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू, आणि केळशी-आंजर्ले-हर्णै पट्ट्यात चढ-उतार संपता संपत नाहीत, तिकडे थकलेले पाय घेऊन जायचं नाही. बीच किती छान आहे यावर थांबायचं गाव ठरवू नका, मेडिकल आणि खानावळ चालत जाण्याएवढी जवळ आहे का ते बघा.

आता पाय. हे काम सकाळी चहाच्या आधी करायचं, उजेडात, ओटीवर बसून. मोजे काढा, प्रत्येक बोट वेगळं करून मधे बघा. फोड छोटा असेल आणि दुखत नसेल तर हात लावू नका, नुसती टेप. मोठा टम्म फुगलेला, चालताना दाबला जाणारा असेल तर साबणाने पाय धुवा, मेडिकलमधून आणलेली स्टराइल सुई घ्या आणि फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी टोचा म्हणजे पाणी आपोआप खाली निथळतं. वरची कातडी कापायची नाही, कितीही मोह झाला तरी, तीच खालच्या कोवळ्या कातडीचं झाकण असते. मग बीटाडिन, कोरडं गॉझ, आणि दिवसभर उघड्या चपलेत पाय. आतलं पाणी गढूळ असेल किंवा भोवती लाल-गरम झालं असेल तर डॉक्टर, यात चर्चा नाही. डायबेटीस असेल तर फोड स्वतः फोडूच नका. ज्या पायाला फोड आहे तो समुद्रात बुडवायचा नाही, खारं पाणी चांगलं असतं असं सगळे सांगतात पण कातडी भिजून मऊ पडते, वाळू आत जाते आणि दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटरच्या आत सगळं सोलवटतं. बायकांनी ब्राच्या पट्ट्याखालची आणि मांड्यांची कातडीही बघून घ्या, ओरखडा असेल तर धुऊन कोरडी करून व्हॅसलिन.

खाणं हा दुसरा भाग. स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे पळायला लागणारा साखरेचा साठा, भरून यायला नीट जेवलं तरी चोवीस तास लागतात, म्हणजे रेस्ट डेला भूक नसली तरी जेवायचं असतं. जिथे उतराल तिथल्या काकूंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. सकाळी मीठ घातलेली तांदळाची पेज, दुपारी भात, आमटी, मासा आणि सोलकढी, मधे केळी. आम्ही उतरतो तिथल्या काकू तर ताट वाढताना दटावतातच, "अगो, एवढ्याश्या भाताने कशी गं पोचणार गोव्याला?" आणि त्यांचं बरोबर असतं. कालवं-तिसऱ्या पहिल्यांदा चाखून बघायचा हा दिवस नाही, पोट बिघडलं तर रन संपला. ओआरएस घ्याल तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट घाला. नुसतं साधं पाणी लिटर-लिटर पीत बसू नका, रक्तातलं सोडियम घसरतं. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊन पळायचं नाही, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्याचा ताण किडनीवर येतो.

मुंबईकराला सुट्टी मिळाली की पॉईंट बघायचे असतात, हे मला चांगलं माहितीये. बाईक भाड्याने घेऊन दिवेआगर, मग हरिहरेश्वर, संध्याकाळी सनसेट, म्हणजे दिवसभर उन्हात आणि सीटवर आखडून, आणि पाय तसेच. प्लीज नको. हरिहरेश्वर तर दुसऱ्या दिवशी वाटेतच आहे. सकाळी वीसेक मिनिटं सावलीत रमतगमत चाला, लक्ष्मीनारायणाच्या देवळापर्यंत वगैरे, दुपारी जेवून पडदा ओढून झोपा, अलार्म नको. उरलेला वेळ वाडीत बसून घालवा. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, सुपारीचं नवीन झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्या घरातली माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा पाय वर करून शांत ऐकायला मिळतं हे मला या रनमधलं मोठं भाग्य वाटतं. आपण नुसते त्यांच्या दारावरून पळत गेलो असतो तर यातलं काही कळलं नसतं.

दुपारी झोपायच्या आधी कपडे धुऊन वाळत टाका, समुद्राच्या दमट हवेत मोजे वाळायला तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो. शूजच्या इनसोल काढून आत जुना पेपर कोंबा, दोन तासांनी बदला.

संध्याकाळी तपासणी. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील, चालल्यावर मोकळं वाटत असेल तर तो साधा थकवा, उद्या निघा. पण नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा ठणकत असेल, किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची, शंका घ्यायची आणि थांबायचं, तिथे एक पाऊलही पळायचं नाही. लघवी कोकसारखी गडद झाली तर त्याच क्षणी दवाखाना, स्नायू तुटून किडनीवर ताण आलेला असू शकतो. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय ठेवा, रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असेल तर अजून एक दिवस मुक्काम वाढवा, ग्रुपने कुरकुर केली तरी. गोवा कुठे पळून जात नाही.

निघायच्या दिवशी पहिले तीन-चार किलोमीटर पाय लाकडासारखे वाटतील, आराम केल्यावर सगळ्यांचंच होतं, घाबरू नका, चालत-पळत जा. चौथ्या किलोमीटरनंतरही लंगडत असाल तर मागे फिरा, श्रीवर्धन डेपो तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर असतो, पुढे गेल्यावर एवढं सोपं राहत नाही.