स्टार मोजण्याआधी ‘पिंपरी-चिंचवड’ छापून बघा

प्रोग्रामसाठी नवी लायब्ररी (तयार कोडचा संच) निवडताना गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरचे स्टार (लोकांनी दिलेली पसंतीची खूण) आणि डाउनलोडचे आकडे पाहून निर्णय उरकू नका. त्यावरून वापर किती आहे ते कळतं, आतला कोड किती भक्कम आहे ते नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणारं ओपनएसएसएल जगभरच्या सर्व्हरवर होतं, तरी २०१२च्या आवृत्तीत शिरलेली, सर्व्हरच्या मेमरीतली गुप्त माहिती बाहेर फोडणारी ‘हार्टब्लीड’ ही चूक एप्रिल २०१४पर्यंत उघडकीला आली नाही. एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअरही तितकंच सर्वदूर पोचलेलं, पण त्याच्या टेस्टचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे.

म्हणून आपलंच काम त्या टूलकडून करून घ्या. समजा, पुण्यातल्या सोसायटीच्या पावत्यांसाठी पीडीएफ लायब्ररी हवी आहे. डेमोतल्या इंग्रजी बिलावर भुलू नका. ‘पिंपरी-चिंचवड’ आणि ‘विश्रांतवाडी’ छापा. जोडाक्षरं जुळवण्याची सोय नसेल, तर ‘पिं’ची पहिली वेलांटी ‘प’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘श्रां’ फुटून पाय मोडलेला ‘श’ नि ‘रां’ वेगळे दिसतात. मग त्याच पीडीएफमध्ये ते शब्द शोधून बघा. छपाई देखणी आणि शोध मात्र लागत नाही, असंही होतं, आणि वर्षभरानंतर जुनी पावती शोधताना ते फार जड जातं.

शेवटचं रिलीज कधीचं आणि जुन्या बगना उत्तर मिळतं का, तेही पाहा.

लोकप्रियतेचा एक खरा फायदा मी मानतो: अडलं की उत्तर चटकन सापडतं, आणि ते टूल येणारी माणसंही मिळतात. दोन लायब्ऱ्या या चाचणीत सारख्या उतरल्या, तर खुशाल जास्त वापरातली घ्या.